प्लेटेड गोळ्यांना क्रिंप किती द्यायचा?

तुम्ही अमेरिकेत घरी स्वतःची काडतुसं भरता. तुम्ही पाठवलेला टार्गेटचा फोटो आधी पाहिला, प्रश्न नंतर वाचला: तांब्याचा मुलामा दिलेल्या (प्लेटेड) गोळ्यांना क्रिंप किती द्यायचा, म्हणजे केसचा (काडतुसाच्या पितळी नळीचा) तोंडाकडचा काठ गोळीवर किती दाबायचा? पंधरा यार्डांवर दहा राउंड, म्हणजे भरलेली काडतुसं. सहा भोकं गोल, चार लांबट. म्हणजे चार गोळ्या नाकासमोर न जाता आडव्या होऊन कागदावर आदळल्या. मग आकडे वाचले: ९ एमएम, १२४ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) प्लेटेड गोळी, पावडर म्हणजे दारू मॅन्युअलमधल्या मधल्या मात्रेइतकी, राउंडची लांबी १.१५० इंच, क्रिंप दिल्यावर केसच्या तोंडाचा व्यास ०.३७२ इंच. शेवटच्या आकड्याशी थांबलो. "गोळी आत सरकू नये म्हणून क्रिंप जरा जास्त दिलाय," असं तुम्ही लिहिलंय. ही समजूत तुमच्या एकट्याची नाही, पहिली दोन वर्षं माझीही तीच होती. पण क्रिंप गोळी धरून ठेवायला नसतो, निदान ऑटो पिस्तुलाच्या राउंडमध्ये तरी नाही.

बाकीचं सांगण्याआधी एक काम करा. भरून ठेवलेल्या उरलेल्या तीनशे राउंडपैकी एकही झाडू नका. पिस्तूल रिकामं करा, बॅरल काढा आणि उजेडाकडे धरून आरपार बघा. गोळीचा मुलामा फाटला असेल तर त्याची चिंधी आत अडकून राहू शकते. बॅरल स्वच्छ दिसली तर उत्तम. नसेल तर घासून साफ होईपर्यंत रेंजवर जायचं नाही.

आता ही गोळी बनते कशी ते बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. जॅकेटेड गोळीत तांब्या-जस्ताच्या पत्र्याचा एक छोटा पेला ओढून तयार करतात. साधारण ९५ टक्के तांबं, ५ टक्के जस्त. त्या पेल्यात शिशाचा गाभा दाबून बसवतात. पत्रा कडक आणि जाड असतो, दाब सहन करतो. प्लेटेड गोळीत क्रम उलटा. आधी मऊ शिशाचा गाभा साच्यात दाबून करायचा, तो तांब्याच्या द्रावणात टाकून विजेने मुलामा चढवायचा, आणि पुन्हा एकदा साच्यात ठोकून मापाला आणायचा. हा थर इंचाच्या काही हजारांश भागांचा असतो, म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या भाषेत मोजके थाऊ. शिवाय ते शुद्ध तांबं, पत्र्याहून मऊ. आणि खालचं शिसं तर नखाने ओरखडा काढता येईल इतकं मऊ. कल्हई केलेल्या पातेल्यात लोखंडी उलथनं खसाखसा फिरवलं की घरातली मोठी माणसं का ओरडायची ते आठवा.

(प्लेटेड म्हणजे सगळ्याच पातळ असं मात्र नाही. स्पीअरची गोल्ड डॉट हीसुद्धा मुलाम्याच्याच पद्धतीने बनते, पण तिचा थर जाड आणि ती पूर्ण वेगासाठी बनवलेली. आपण बोलतोय ते पाचशे-हजार नगांच्या खोक्यात मिळणाऱ्या सरावाच्या गोळ्यांबद्दल.)

तर मग गोळीला धरतं कोण? केसची भिंत. सायझिंग डायमधून, म्हणजे वापरलेली केस पुन्हा मापाला आणणाऱ्या साच्यातून, काढलेल्या केसचं तोंड गोळीपेक्षा लहान झालेलं असतं. एक्सपांडर नावाचा दांडा ते थोडं मोकळं करतो, तरी गोळीपेक्षा दोनतीन थाऊ कमीच राहतं. त्यात ०.३५६ ची गोळी दाबली की पितळ ताणलं जातं आणि गोळीला बसलेल्या सगळ्या लांबीभर, म्हणजे जवळजवळ पाव इंच, आवळून धरतं. याला नेक टेन्शन म्हणतात. क्रिंपचा संबंध फक्त अगदी वरच्या काठाशी. गोळी आत घालता यावी म्हणून तो काठ आपण बाहेर फाकवलेला असतो, क्रिंप डायने तो परत सरळ करायचा. एवढंच.

आणि जास्त आवळलं तर पकड वाढत नाही, उलट कमी होते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. पितळ लवचिक असतं, दाब काढला की किंचित माघारी येतं. शिसं येत नाही. ते दबलं ते दबलंच. डायने दोघांना एकत्र दाबलं, सोडलं, की पितळ एखादा थाऊ परत उघडतं आणि आतली गोळी बारीक झालेली राहते. म्हणजे गोळी सरकण्याच्या भीतीने तुम्ही जे केलंत त्यानेच ती सैल झाली असण्याची शक्यता आहे.

तुमचा आकडा मोजून बघू. एखाद्या केसच्या तोंडाची भिंत मायक्रोमीटरने मोजा. ९ एमएमच्या बहुतेक केसांची ती साधारण ०.०११ इंच भरते. दोन्ही बाजूंची मिळून ०.०२२. त्यात गोळीचे ०.३५६ मिळवा: ०.३७८. केसचा काठ गोळीला नुसता टेकला तर तोंडाचं माप एवढंच यायला हवं. फार तर एक थाऊ कमी, ०.३७७. सामी (SAAMI) या अमेरिकी प्रमाण-संस्थेच्या नकाशात तोंडाची कमाल मर्यादा ०.३८० आहे, त्यामुळे ०.३७८ आरामात बसतं. तुमचं ०.३७२. म्हणजे काठापाशी गोळी सहा थाऊ चेपली गेलीय. बॅरलची खोबणीतली मापं ०.३५५ च्या आसपास असतात. तिथे ०.३५० चा कमरपट्टा असलेली, मुलामा चिरलेली गोळी शिरली की रायफलिंग, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या त्या खोबण्या, तिला नीट धरणार कशी? गरम वायू बाजूने निसटतो, मुलामा सोलला जातो, गोळीला फिरकी मिळत नाही. आडवी भोकं त्यातूनच येतात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. त्या तीनशेतले दोन राउंड हातोडीसारख्या दिसणाऱ्या कायनेटिक पुलरमध्ये घालून उघडा. डोळ्यांवर चष्मा हवा, खाली टणक लाकूड. दोनचार ठोक्यांत गोळी बाहेर येईल. ती खिडकीपाशी नेऊन बोटात फिरवा. केसचा काठ जिथे होता तिथे पुसट चकचकीत रेघ असेल तर ठीक. नख फिरवल्यावर अडकेल असा खड्डा असेल तर क्रिंप जास्त आहे. आणि त्या खड्ड्याच्या तळाशी तांब्याऐवजी राखाडी रंग दिसला, तर ते शिसं. तुमच्या गोळ्यांवर मला ती राखाडी रेघ दिसेल अशी जवळजवळ खात्री आहे.

आणखी एक चौकशी. तुमची क्रिंप डाय खाली कार्बाइडची रिंग असलेली आहे का, जी भरलेला राउंड शेवटी पुन्हा एकदा मापातून काढते? या रिंगचा हेतू चांगला आहे: कुठे फुगवटा राहिला असेल तर तो जातो आणि राउंड चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाच्या खोलीत) हमखास बसतो. पण मऊ गोळी किंवा जाड भिंतीची केस असली तर ती रिंग पितळासकट आतली गोळीही बारीक करते. राउंड डायमधून वर-खाली जाताना लिव्हरला ओढ जाणवत असेल तर हेच चाललंय. मी प्लेटेड आणि शिशाच्या गोळ्यांसाठी काठ हळूहळू सरळ आवळणारी साधी टेपर क्रिंप डाय वापरतो, आणि सीटिंग (गोळी केसमध्ये बसवणं) व क्रिंप प्रेसच्या दोन वेगळ्या स्टेशनवर करतो. एकाच डायमध्ये दोन्ही केलं तर गोळी खाली जात असतानाच काठ आवळला जातो आणि मुलामा खरवडला जातो.

तुमची मूळ भीती मात्र रास्त आहे, ती मी उडवून लावत नाही. ९ एमएमची केस लहान. फीड रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटून गोळी आत सरकली तर पावडरची जागा कमी होते आणि दाब झपाट्याने वाढतो. या काडतुसाची मर्यादा मुळातच ३५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे, तिच्यावर उधळायला फार जागा नाही. पण इलाज क्रिंपमध्ये नाही, पकडीत आहे. चाचणी सोपी. पाच डमी बनवा, म्हणजे प्रायमर (पावडर पेटवणारी बुडाची टोपी) नाही, पावडर नाही, फक्त केस आणि गोळी. लांबी मोजून केसवर मार्करने लिहा. मग गोळीचं टोक टेबलाच्या कडेला टेकवून अंगठ्याने जोर लावून दाबा. पुन्हा मोजा. मग मॅगझिनमध्ये घालून स्लाइड नेहमीच्या जोराने सोडा, दोनतीन वेळा, आणि परत मोजा. एकदोन थाऊचा फरक कॅलिपरचाही असू शकतो. दहा थाऊ सरकली तर पकड कमी आहे.

पकड कमी असेल तर तपासायला तीन जागा आहेत. सायझिंग डाय शेल होल्डरपर्यंत (केसचं बूड धरणाऱ्या खाचेपर्यंत) पूर्ण उतरली आहे ना? एक्सपांडरचा व्यास जास्त तर नाही ना? आणि एखाद्या विशिष्ट छापाचीच केस पातळ भिंतीची आहे का? रेंजवरून गोळा केलेल्या सरमिसळ केसांत हे सर्रास आढळतं. एक्सपांडर मोठा निघाला तर तो ड्रिलमध्ये धरून बारीक एमरी पेपरने एखादा थाऊ उतरवता येतो. मी उतरवलाय. हळू उतरवायचा, कारण काढलेलं परत चढवता येत नाही.

सरमिसळ केसांची आणखी एक गंमत. ९ एमएमची कमाल लांबी ०.७५४ इंच, पण जमिनीवरून उचललेल्या केस ०.७४० पासून सापडतात. सरळ भिंतीच्या या छोट्या केस सहसा कोणी ट्रिम करत बसत नाही, मीही नाही. पण लांब केसला डाय जास्त आवळते, आखूडला कमी. म्हणून क्रिंप डाय सेट करताना ढिगातली सर्वात लांब केस घ्या. तिच्यावर ०.३७७ आलं की आखूड केसवर फार तर ०.३७९ येईल, आणि तोही चेंबरमध्ये बसतो.

तोंड फाकवण्यात कंजुषी करू नका. जॅकेटेडच्या सवयीने लोक अगदी किंचित फाकवतात आणि प्लेटेड गोळी दाबली की केसच्या धारदार काठाने तांब्याची बारीक कातळी निघते. माझा पहिला मोठा गोंधळ हाच होता. .४५ एसीपी भरत होतो, चारशे राउंड झाले आणि रेंजवर दर आठव्या-दहाव्या राउंडला स्लाइड पूर्ण मिटेना. स्प्रिंगला दोष दिला, मॅगझिन बदललं. शेवटी भिंगातून पाहिलं तर केसच्या काठावर केसाएवढी तांब्याची कडी बसलेली, काही राउंडवर पूर्ण गोल. ९ एमएम आणि .४५ दोन्ही काडतुसं चेंबरमध्ये केसच्या काठावरच टेकतात, त्यामुळे काठावर कचरा आला की राउंड आत जातच नाही. तीन संध्याकाळी पुलरने ठोकत बसलो होतो. बायकोला वाटलं मी घरात फर्निचर बनवतोय. गोळी हाताने ठेवल्यावर न डगमगता सरळ उभी राहील इतकं तोंड फाकवा आणि नव्या केसच्या आतल्या काठावर डीबरिंगच्या (धार मोडणाऱ्या) हत्याराचं एक हलकं वेटोळं फिरवा.

तयार राउंड तपासायला बॅरलसारखं गेज नाही. मी खडकीत वाढलो. तिथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि आमच्या चाळीतले एक काका तिथे तपासणी विभागात होते. 'गो, नो-गो' (मापात बसलं तर पास, नाहीतर बाद) हे शब्द मी इंजिनिअरिंगला जायच्या कितीतरी आधी त्यांच्याकडून ऐकलेले. इथे गो गेज म्हणजे पिस्तुलातून बाहेर काढलेली तुमची स्वतःची बॅरल. राउंड सोडला की टप्प असा आवाज यावा, बोटाने फिरवला की मोकळा फिरावा आणि उलटी केली की आपल्या वजनाने बाहेर पडावा. फिरताना अडला तर गोळी रायफलिंगला टेकतेय, आणखी खोल बसवा. खोल बसवलीत की आतली जागा कमी झाली हे लक्षात ठेवा. हिशेब असा: गोळीची लांबी अधिक केसची लांबी वजा राउंडची लांबी. समजा गोळी ०.६०० ची, केस ०.७५४, राउंड १.१५० तर गोळी ०.२०४ इंच आत आहे. दुसऱ्या कंपनीची १२४ ग्रेनचीच पण आखूड नाकाची गोळी घेतलीत तर हाच आकडा बदलतो. म्हणून एकाची लांबी दुसऱ्याला डोळे मिटून लावायची नाही.

पावडरची मात्रा तुम्ही विचारलीत, ती मी लिहिणार नाही. ती तुमच्या पावडरच्या कंपनीच्या चालू तक्त्यातून घ्या. हॉजडनच्या तक्त्यात काही प्लेटेड गोळ्या नावानिशी आहेत. नावाची गोळी सापडली नाही तर त्याच वजनाच्या जॅकेटेडची सुरुवातीची मात्रा घ्या, मधल्यापर्यंत थोडं थोडं चढा आणि थांबा. जॅकेटेडची कमाल मात्रा प्लेटेडला लावू नका. तशी गरजही नाही. साध्या मुलाम्याच्या ९ एमएम गोळ्यांना कंपन्या साधारण सेकंदाला १,२०० ते १,२५० फुटांची वेगमर्यादा देतात, जाड मुलाम्याला १,५०० पर्यंत. तुम्ही यूएसपीएसएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल नेमबाजी संघटनेच्या, मॅचसाठी भरताय. तिथे मायनरला (कमी ताकदीच्या गटाला) पॉवर फॅक्टर १२५ लागतो, म्हणजे ग्रेनमधलं वजन गुणिले वेग, भागिले हजार. १२४ ग्रेनला १,०५० फूट मिळाले की १३० होतात. मर्यादेपासून दीडशे-दोनशे फूट अलीकडेच तुमचं काम झालं. हाच राउंड कार्बाइनमध्ये वापरणार असाल तर लांब बॅरलमध्ये वेग वाढतो, तेव्हा क्रोनोग्राफ (वेग मोजणारं यंत्र) लावून बघा.

खरेदीबद्दल माझं मत असं. ९ एमएमसाठी जाड मुलाम्याच्या ०.३५६ च्या गोळ्या घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. क्रिंपची एखादी चूक त्या पोटात घालतात. गोल नाकाची घ्या, सपाट नाकाची कागदावर सुंदर भोक पाडते पण काही पिस्तुलांत फीड होताना रुसते. .४५ साठी साधा मुलामाही पुरतो, तिथे वेग कमी आणि दाबही २१,००० पीएसआयच्या आतच. आणि हो, पावडर कोट केलेल्या (रंगाच्या भुकटीचा थर भाजून चढवलेल्या) शिशाच्या गोळ्या बहुधा याहून स्वस्त मिळतात. आज नव्याने सुरुवात केली असती तर मी कदाचित त्याच घेतल्या असत्या. प्लेटेडचा खरा फायदा बंदिस्त रेंजवर. गोळीचा तळसुद्धा तांब्याने झाकलेला असल्याने शिशाची वाफ कमी होते. नेहमीच्या प्रायमरमध्ये तरीही शिशाचं संयुग असतं, त्यामुळे घरी आल्यावर हात धुणं आणि टम्बलरची (केस घासून साफ करणाऱ्या यंत्राची) धूळ स्वयंपाकघरापासून लांब ठेवणं चुकत नाही.

वहिनींच्या .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरची गोष्ट थोडी वेगळी. तिथे गोळी आत सरकायची भीती नसते, उलट भीती असते. झटक्याने बाकीच्या राउंडमधल्या गोळ्या हळूहळू बाहेर येतात आणि फारच पुढे आली तर सिलिंडर फिरत नाही. म्हणून रिव्हॉल्व्हरला रोल क्रिंपची पद्धत, काठ आत वळवून गोळीवरच्या खाचेत बसवायचा. बहुतेक प्लेटेड गोळ्यांना ती खाच नसते. खाच नसलेल्या गोळीवर रोल क्रिंप म्हणजे मुलाम्यावर कानस. हलक्या सरावाच्या लोडला टेपर क्रिंप पुरतो. खात्री करायची तर सहा भरा, सहाव्याची लांबी मोजून ठेवा, पाच झाडा, सहावा काढून पुन्हा मोजा. जागचा हलला नसेल तर विषय संपला. हलला असेल तर खाच असलेली प्लेटेड गोळी शोधा, काहीजण बनवतात. पूर्ण ताकदीच्या .३५७ मॅग्नमसाठी मात्र जॅकेटेडच. आणि लोड हलका करायच्या नादात तक्त्यातल्या सुरुवातीच्या मात्रेच्या खाली जाऊ नका, रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि बॅरलच्या फटीतून वायू निसटतो आणि गोळी मध्येच अडकून बसते.

तुमच्या मित्रांना 'खर्चापुरते पैसे घेऊन' राउंड भरून द्यायचं म्हणताय, ते नको. स्वतःपुरतं भरायला अमेरिकेत संघीय परवाना लागत नाही, विकायला लागतो. आणि दिवाळीत पुण्याला जाणार आहात तर रेंजची बॅग प्रवासाला अजिबात वापरू नका. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बनवायला आणि जवळ बाळगायलाही परवाना हवा. बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या एका राउंडवरून विमानतळावर पोलिसांपर्यंत प्रकरण गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

या शनिवारी एवढंच करा. तीनशे राउंड उघडायला घ्या. केस परत वापरता येतील, खड्डा पडलेल्या गोळ्या भंगारात. कुठल्या डब्यातली आहे याची शंभर टक्के खात्री नसलेली पावडर बागेत पसरून टाका. क्रिंप डाय पूर्ण वर घ्या, सर्वात लांब केसचा डमी खाली ठेवा आणि फाकलेला काठ नाहीसा होईपर्यंत अष्टमांश फेऱ्यांनी डाय उतरवा. ०.३७७ आलं की लॉक रिंग आवळा. पाच डमी बॅरलमध्ये टप्प करून पडले, अंगठ्याने दाबून सरकले नाहीत आणि उघडल्यावर गोळीवर फक्त पुसट रेघ दिसली, की मगच प्रायमरचा डबा काढा. पहिले दहाच भरा, त्याच पंधरा यार्डांवर झाडा आणि भोकांचा फोटो पाठवा.